वारा सडावाघापूरचा, हिशेब बॉनचा

सडावाघापूरला पावसाळ्यात गर्दी होते ती उलट्या धबधब्यासाठी. पाटण तालुक्यातल्या या पठाराच्या कड्यावरून पाणी खाली पडायला निघते आणि दरीतून चढणारा वारा त्याला धरून पुन्हा वर फेकतो. काठावरचे पर्यटक नखशिखांत भिजतात, फोटो काढतात, गाडीवरचे भाजलेले कणीस खातात आणि अंधार पडायच्या आत घाट उतरतात. त्यांच्या पाठीमागे पवनचक्क्या फिरत असतात. पाणी उलटे फेकणारा वाराच त्यांची पाती फिरवतो. टाटा पॉवरचा साडेसतरा मेगावॉटचा पवनप्रकल्प इथेच आहे. इथून पश्चिमेला गेले की वनकुसवडे आणि चाळकेवाडीची पठारे लागतात आणि त्यांच्या कुशीत कोयनेचा शिवसागर जलाशय.

एके काळी सातारा-सांगलीच्या पठारांवरचा वारा परदेशात विकला जात होता. त्यापासून झालेली वीज राज्याच्याच तारांतून खपत होती. बाहेर जात होता तो न निघालेला धूर. टनावर मोजलेला, युरोत किंमत लावलेला, आणि जर्मनीतल्या बॉन शहरात, संयुक्त राष्ट्रांच्या हवामान करार सचिवालयात नोंदवलेला. जागतिक करारांच्या बातम्यांत पुढारी हात उंचावून उभे दिसतात. करार राबवायचा म्हणजे प्रत्यक्षात काय करायचे, हे पाहायला मात्र कोयनानगरचा परिसर बरा.

करारांची वंशावळ थोडक्यात. १९९२ मध्ये रिओ दि जानेरोत हवामान बदलाचा मूळ करार झाला. त्यात सदिच्छा भरपूर होत्या, आकडे नव्हते. ते १९९७ मध्ये जपानमधल्या क्योटोत आले: श्रीमंत देशांनी २००८ ते २०१२ या काळात आपले उत्सर्जन १९९० च्या मानाने सरासरी ५.२ टक्क्यांनी खाली आणायचे. अमेरिकेने सही केली पण मान्यता दिली नाही. रशियाने दिली, तेव्हा कुठे १६ फेब्रुवारी २००५ रोजी करार अमलात आला. भारताने २००२ मध्येच मान्यता दिली होती, आणि भारतावर कपातीचे बंधन नव्हते.

याच करारात एक कलम असे होते की, जर्मनीतल्या किंवा हॉलंडमधल्या कारखान्याला आपल्याकडचा धूर कमी करणे महाग पडत असेल, तर त्याने गरीब देशातल्या एखाद्या प्रकल्पात वाचलेला धूर विकत घ्यावा. एक टन कार्बन डायऑक्साइड वाचला की एक प्रमाणपत्र. व्यवस्थेचे नाव स्वच्छ विकास यंत्रणा. धंद्यातली माणसे तिला ‘सीडीएम’ म्हणत आणि प्रमाणपत्राला ‘कार्बन क्रेडिट’. हवेला सरहद्द नसल्यामुळे टन कुठे वाचला याने तिला फरक पडत नाही, हा त्यामागचा तर्क. तर्क बिनचूक होता. घोळ पुढे मोजमापात झाला.

पवनचक्कीने किती धूर वाचवला हे कसे मोजायचे? तिच्या मीटरवर युनिटे दिसतात, न जळलेला कोळसा दिसत नाही. त्यासाठी देशाच्या वीजजाळ्यातल्या प्रत्येक केंद्राची माहिती गोळा करून, एक युनिट वीज सरासरी किती धूर ओकते, हे काढावे लागते. सुरुवातीला प्रत्येक प्रकल्पाचा सल्लागार हा आकडा आपापला काढत असे आणि तो सोयीचा निघत असे. मग केंद्रीय वीज प्राधिकरणाने जर्मनीच्या ‘जीटीझेड’ या सरकारी तांत्रिक सहकार्य संस्थेच्या मदतीने साऱ्या देशासाठी एकच आधारसंच तयार केला. २००६ पासून तो नियमाने प्रसिद्ध होतो आहे. गाजावाजा न झालेले हे काम या साऱ्या प्रकरणातले सर्वांत टिकाऊ आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणावे लागेल. क्रेडिटचा बाजार आला, चढला, बुडाला. तो तक्ता अजून दरवर्षी निघतो आणि सगळे तोच वापरतात.

तक्ता हाती आल्यावर उरतो गुणाकार. सव्वा मेगावॉटची, त्या काळात पठारांवर सर्रास उभी राहणारी एक पवनचक्की घ्या. वारा वर्षभर सारखा नसतो. खरा जोर जून ते सप्टेंबर. वर्षाची सरासरी क्षमतेच्या पाचव्या हिश्श्याइतकी धरली, तर साधारण २२ लाख युनिटे होतात. हजार युनिटांमागे सुमारे ०.९ टन धरला, तर वर्षाला दोन हजार टनांच्या आत-बाहेर. २००८ च्या उन्हाळ्यात क्रेडिटचा भाव वीस युरोंच्या वर गेला होता. पंधराच धरला, तरी तेव्हाच्या विनिमय दराने एका चक्कीमागे वर्षाला एकोणीस-वीस लाख रुपये होतात, तेही वीज विकून मिळणाऱ्या पैशांखेरीज. राज्याचे पवनऊर्जा धोरण १९९८ चे. त्याआधीपासूनच केंद्राची घसारा-सवलत होती: चक्कीची किंमत पहिल्याच वर्षी नफ्यातून पूर्ण वजा करून कर वाचवता येई. म्हणून या डोंगरांवर चक्क्या उभ्या करणाऱ्यांत वीजधंद्याशी सुतराम संबंध नसलेले कारखानदार मोठ्या संख्येने होते. बजाज ऑटोच्या चक्क्या वनकुसवड्याच्या पठारावर आल्या त्या याच लाटेत. गुजरातमधून आलेल्या आणि पुण्यात मुख्यालय थाटलेल्या सुझलॉनने इथल्या वाऱ्यावर आपला पाया रचला.

क्रेडिट मिळवायची अट मात्र कडक होती, निदान कागदावर. क्रेडिटचा पैसा मिळाला नसता तर प्रकल्प उभाच राहिला नसता, हे सिद्ध करायचे. जे तसेही झालेच असते त्याचे टन विकले, तर युरोपात धूर निघतो आणि इकडे काहीच जादा वाचत नाही. आता गंमत पाहा. बँकेकडे कर्ज मागताना मालक प्रकल्प किती फायद्याचा आहे हे सांगणार, आणि बॉनला अर्ज करताना तोच प्रकल्प क्रेडिटशिवाय कसा परवडत नाही हे सांगणार. टीकाकारांनी या दुटप्पी हिशेबावर नेमके बोट ठेवले होते. तपासनीस कंपन्या होत्या, दिल्लीत डिसेंबर २००३ पासून राष्ट्रीय प्राधिकरण होते, बॉनला कार्यकारी मंडळ होते. पण ‘नसते तर काय झाले असते’ हा प्रश्न कोणत्याही मीटरवर वाचता येत नाही.

याच तर्कातून आलेली दुसरी अट तारखेची होती, आणि तिचा सर्वांत मोठा बळी म्हणजे स्वतः कोयना. पोफळीचे भूमिगत वीजगृह १९६२ पासून वीज देते आहे. सह्याद्रीच्या पूर्वेला साठवलेले पाणी बोगद्यातून पश्चिमेला नेऊन पावणेपाचशे मीटर खाली सोडायचे, कोळकेवाडीला अडवून पुन्हा वापरायचे आणि अवजल वाशिष्ठीत द्यायचे, अशी ही रचना. चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी जलाशयाच्या तळाला स्फोटाने भोक पाडून पाणी घेतले. लेक टॅपिंगचा तो प्रयोग एप्रिल २०१२ मध्ये पुन्हा झाला. सगळे टप्पे मिळून क्षमता १,९६० मेगावॉट. पण सीडीएममध्ये १ जानेवारी २००० नंतर सुरू झालेलेच प्रकल्प चालत. महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या जलविद्युत प्रकल्पाला त्यामुळे एकही क्रेडिट मिळण्याचा प्रश्न नव्हता. वनकुसवड्याच्या पहिल्या पिढीतल्या चक्क्याही त्याच कारणाने बाहेर राहिल्या. नियम म्हणून हे बरोबरच होते: जे आधीच झाले त्याला पैसे देऊन हवेत काही बदलत नाही.

नियमाच्या आत बसून लूट झाली ती दुसरीकडे. शीतकरणाचा वायू बनवणाऱ्या कारखान्यांत ‘एचएफसी-२३’ हा उपवायू निघतो. त्याचा एक टन कार्बन डायऑक्साइडच्या ११,७०० टनांइतका धरला जाई. तो जाळायला खर्च थोडा आणि क्रेडिटांचा पाऊस. भारतातला पहिला नोंदणीकृत सीडीएम प्रकल्प, २००५ चा, याच जातीचा आणि गुजरातमधला. जगभर अशा मोजक्या कारखान्यांनी क्रेडिटांचे डोंगर उभे केले, उपवायूची किंमत मूळ मालापेक्षा जास्त झाली, आणि २०१३ च्या मे महिन्यापासून युरोपने ही क्रेडिटे घेणे बंद केले. पठारावर पाती फिरवून वर्षाला दोन हजार टन मिळवणारे आणि भट्टीत वायू जाळून लाखो टन मिळवणारे एकाच बाजारात एकाच भावाने बसले होते.

बाजार कोसळला तो मात्र दुसऱ्याच कारणांनी. युरोपात मंदी आली, कारखान्यांचा धूर आपोआप कमी झाला, क्रेडिटांची गरज सरली. शिवाय २०१३ पासून नव्याने नोंदलेल्या प्रकल्पांपैकी फक्त अतिगरीब देशांतलेच चालतील असे युरोपने ठरवले. भारत त्या यादीत नव्हता. २०१२ संपता संपता भाव एका युरोच्या खाली गेला होता. वर काढलेल्या हिशेबातल्या चक्कीला वर्षाचे वीस लाख मिळत होते, तिथे आता लाखाच्या आत. क्रेडिट पदरात पाडून घ्यायला तपासनीस आणायचा खर्चही त्यात निघत नव्हता. काही मालक ऐच्छिक बाजाराकडे वळले, तिथे परदेशी कंपन्या हौसेने किंवा जाहिरातीसाठी टन घेतात. पण २०१९ च्या नव्या नियमांत ‘व्हेरा’ या त्या बाजारातल्या सर्वांत मोठ्या नोंदणी संस्थेनेही अतिगरीब देश वगळता वीजजाळ्याला जोडलेल्या नव्या मोठ्या पवन व सौर प्रकल्पांना दार बंद केले. कारण असे दिले की आता हे प्रकल्प स्वतःच्या पायावर उभे राहतात. तेही खोटे नव्हते.

क्योटोच्या कागदपत्रांत एक छोटी तरतूद होती, तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. प्रत्येक शंभर क्रेडिटांमागे दोन क्रेडिटे कापून अनुकूलन निधीत जमा होत. हवामान बदलाचा फटका बसणाऱ्यांना सावरायला हा पैसा. त्या क्रेडिटांच्या विक्रीतून निधीला सुमारे वीस कोटी डॉलर मिळाले. भाव पडल्यावर तो झरा आटला आणि निधीला देणगीदार देशांच्या दारात उभे राहावे लागले. या निधीसाठी भारतातली मान्यताप्राप्त संस्था आहे मुंबईची नाबार्ड, २०१२ पासून. तिच्यामार्फत मंजूर झालेल्या एका प्रकल्पात, एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने आंध्रच्या कृष्णा जिल्ह्यात सोर्लागोंदी आणि आसपासच्या किनारी गावांत कांदळवन लावले आणि कांदळासोबत मत्स्यशेतीची तळी केली. खारे पाणी आत घुसू लागले तर शेतकऱ्याला दुसरे काही हाताशी असावे म्हणून. कोयनेचे जे पाणी पश्चिमेला वळत नाही, ते कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि सांगली, अलमट्टी, श्रीशैलम, विजयवाडा करत याच त्रिभुज प्रदेशात समुद्राला भेटते. नदीच्या उगमाकडचा प्रदेश क्रेडिटे विकत होता आणि मुखाशी, त्याच कपातीतून जन्मलेल्या निधीच्या पैशांवर, कांदळाची रोपे लागत होती. असे कुणी ठरवले नव्हते. जमून आले.

पठारावर आणखी एक हिशेब चालू होता, तो कुणीच मांडला नव्हता. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळकेवाडीच्या सड्यावर, चक्क्या असलेला भाग आणि चक्क्या नसलेला भाग असे दोन्हीकडे पक्षी आणि सरडे मोजले. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्ष्यांचे प्रमाण जवळजवळ चौपटीने कमी होते. ससाणे-घारींनी ती हवा सोडली, त्यामुळे पंखगळ्याच्या सरड्यांची संख्या वाढली. या सरड्याचा नर गळ्याखालचा निळा-काळा-नारिंगी पंखा फुलवून मादीला खुणावतो. चक्क्यांखालच्या सरड्यांत ताणाचे संप्रेरक कमी आढळले, माणूस जवळ आला तरी ते उशिरा पळत, आणि नरांच्या पंख्याचे रंग फिके होते. गर्दीत खायला कमी पडत असावे. पाते फिरते शंभर फुटांवर आणि बदल होतो दगडाआडच्या सरड्याच्या गळ्यात. युनेस्कोने २०१२ मध्ये कास आणि कोयनेसह पश्चिम घाटाला जागतिक वारसा ठरवले, तेव्हा शेजारच्या या सड्यांवर चक्क्या दशकभर जुन्या झाल्या होत्या.

सरड्यांना कुणी विचारले नाही हे समजण्यासारखे आहे. सीडीएमच्या अर्जात ‘स्थानिकांशी सल्लामसलत’ असा एक रकाना मात्र सक्तीचा होता. अशा अर्जांतला मजकूर ठरलेला असे: सभा झाली, रोजगाराबद्दल विचारणा झाली, हरकत कुणाची नव्हती. दुसरीकडे पाटण, सातारा, शिराळा, कवठेमहांकाळ पट्ट्यात एजंटांनी जमिनी कवडीमोलाने घेतल्या, रस्त्यांसाठी बांध फोडले, ग्रामपंचायतींच्या वाट्याला काय आले, या तक्रारी वर्षानुवर्षे चालू होत्या आणि मोर्चेही निघत होते. दोन्ही कागद एकाच गावाचे. बॉनला त्यातला एकच पोचत होता.

१२ डिसेंबर २०१५ रोजी पॅरिस करार झाला आणि खेळाचे नियम मुळातून बदलले. क्योटोत श्रीमंतांवर बंधन आणि बाकीच्यांना सूट होती. पॅरिसमध्ये प्रत्येक देशाने आपले उद्दिष्ट आपणच सांगायचे आणि ते किती झाले याचा अहवाल सगळ्यांपुढे ठेवायचा. शिक्षा नाही, लाज आहे. भारताने २ ऑक्टोबर २०१६ रोजी मान्यता दिली. ४ नोव्हेंबरला करार लागू झाला. ऑगस्ट २०२२ मध्ये सुधारून दिलेले भारताचे आकडे असे: राष्ट्रीय उत्पन्नाच्या दर रुपयामागे होणारे उत्सर्जन २००५ च्या मानाने २०३० पर्यंत ४५ टक्क्यांनी कमी, आणि वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेत निम्मा वाटा बिगर-जीवाश्म स्रोतांचा. पहिल्या आकड्यावर २०२० पर्यंत ३६ टक्के मजल झाल्याचे डिसेंबर २०२४ अखेरीस दिलेल्या अहवालात म्हटले आहे. दुसरे उद्दिष्ट तर पाच वर्षे आधीच गाठले: जून २०२५ अखेर सुमारे ४८५ गिगावॉटपैकी २४३ गिगावॉट.

आणि इथे कोयना परत येते. क्योटोच्या खात्यात जिची नोंद होऊ शकत नव्हती, त्या कोयनेचे १,९६० मेगावॉट या २४३ गिगावॉटमध्ये पूर्ण धरले आहेत. मोठ्या धरणांची वीज अक्षय ऊर्जेत मोजायची, असे केंद्राने मार्च २०१९ मध्येच जाहीर केले होते. धरण तेच, टर्बाइन तेच. क्योटो विचारत होता ‘जादा काय केले’, पॅरिस विचारतो ‘तुमच्याकडे काय आहे’. दुसरा प्रश्न सोपा आहे, म्हणूनच त्यावर जवळजवळ सगळे देश एकत्र येऊ शकले. त्याची किंमतही आहे. उद्दिष्ट क्षमतेचे आहे, प्रत्यक्ष विजेचे नाही. क्षमता निम्मी झाली तरी देशात वर्षभरात तयार होणाऱ्या विजेत बिगर-जीवाश्म वाटा अजून चतुर्थांशाच्या घरातला आहे, कारण वारा चार महिने, ऊन दिवसा आणि कोयना लवादाच्या परवानगीने.

लवादाचा मुद्दा जरा सविस्तर सांगायला हवा. कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाच्या १९७६ च्या निवाड्यानुसार कोयनेतून पश्चिमेला वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वळवता येते. वर्ष १ जून ते ३१ मे. एक टीएमसी पाणी सर्व टप्प्यांतून उतरले की ढोबळ हिशेबाने चार कोटी युनिटे होतात. आजच्या वीजजाळ्यात हजार युनिटांमागे सुमारे ०.७ टन धूर, म्हणजे एका टीएमसीने अठ्ठावीस हजार टन वाचतात. तेच टीएमसी पूर्वेला सोडले, तर ते सांगलीकडे जाते आणि ताकारी, टेंभू, म्हैसाळ योजनांचे पंप ते उचलून तासगाव, आटपाडी, जतच्या दुष्काळी भागाला देतात. त्या पंपांना उलट वीज लागते. पाऊस कमी झालेल्या वर्षी, जसे २०२३-२४ मध्ये झाले, विजेचा कोटा कापून पाणी पूर्वेला द्यावे ही मागणी जोर धरते आणि सातारा-सांगलीच्या नेत्यांत शब्दाला शब्द लागतो. हवामान कराराच्या भाषेत एकाला उपशमन म्हणतात आणि दुसऱ्याला अनुकूलन, आणि दोन्ही हातात हात घालून चालतील असे गृहीत धरलेले असते. कोयनेत ती दोन्ही एकाच पाण्यावर हक्क सांगतात. जतच्या शेतकऱ्याने अठ्ठावीस हजार टनांसाठी आपली डाळिंबे वाळवावीत असे कोणताही करार म्हणत नाही, पण टन मोजायला तक्ता आहे आणि डाळिंबांसाठी तसा नाही.

पॅरिस करारातही टनांची देवघेव आहे, सहाव्या कलमात. तिचे नियम ठरायला नऊ वर्षे लागली: बरेचसे २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत, उरलेले नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकूच्या. अडचण साधी होती. क्योटोत भारतावर उद्दिष्टच नव्हते, त्यामुळे टन विकला तरी आपले काही जात नव्हते. आता भारताचेही उद्दिष्ट आहे. वनकुसवड्याचा टन जपानने विकत घेऊन आपल्या खात्यात लिहिला आणि भारतानेही तो आपल्या खात्यात ठेवला, तर वाचला एक टन आणि दिसले दोन. म्हणून विकणाऱ्या देशाने तेवढा टन आपल्या खात्यातून वजा करायचा, असा नियम झाला. सोपी बेरीज-वजाबाकी, पण तिच्यावरून ब्राझीलसह अनेक देशांनी वर्षानुवर्षे अडवून धरले, कारण वजाबाकी केली की स्वस्तातले टन परदेशी जातात आणि महागातली कपात घरी उरते.

भारताने यावर काढलेला तोडगा शहाणपणाचा आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारने, कोणत्या प्रकारच्या प्रकल्पांचे टन बाहेर विकता येतील, याची यादी जाहीर केली. हरित हायड्रोजन, समुद्रातल्या पवनचक्क्या, कॉम्प्रेस्ड बायोगॅस यांसारखे तेरा प्रकार. जमिनीवरची साधी पवनचक्की त्यात नाही. ती स्वस्त झाली आहे, तिचे टन देशालाच हवेत. साठवणुकीसह अक्षय ऊर्जा मात्र आहे, आणि तीही फक्त साठवलेल्या भागापुरती. जपानशी अशा देवघेवीचा करार २०२५ मध्ये झाला आहे.

साठवणूक म्हणजे सह्याद्रीत उदंचन. वीज मुबलक असेल तेव्हा खालचे पाणी पंपाने वर चढवायचे, संध्याकाळी मागणी वाढली की सोडायचे. घातलेल्या विजेच्या पाऊण हिश्श्याच्या आसपास परत मिळते. कोयना धरणाच्या डाव्या तीरावर ८० मेगावॉटचे असे वीजगृह कागदावर येऊन कित्येक वर्षे झाली. काम सुरू झाले, रखडले, खर्च वाढला. आता खासगी कंपन्यांचे कितीतरी मोठे प्रस्ताव याच डोंगरांत आहेत. पाटण तालुक्यात तारळीवर अदानी ग्रीनचा १,५०० मेगावॉटचा, कोयना-निवकणेचा त्याहून मोठा. कड्याची उंची आणि पाणी जवळजवळ असणे ही इथली खरी दौलत. सत्तर वर्षांपूर्वी कोयनेच्या अभियंत्यांनीही हीच पाहिली होती. पण आता अवतीभवती सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, २०१० चा. बॉनच्या दृष्टीने जो साठवणुकीचा टन, तो वनखात्याच्या दृष्टीने व्याघ्र प्रकल्पाला लागून होणारे बांधकाम.

दरम्यान आभाळ आपल्या गतीने बदलते आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची रेषा ४५ फुटांवर आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर घरांवर आला आणि घाटाखाली चिपळूण बुडाले. २०२२ मध्ये शर्म अल-शेखला अशा नुकसानीसाठी स्वतंत्र जागतिक निधी मान्य झाला, २०२३ मध्ये दुबईत तो सुरू झाला. बाकूत श्रीमंत देशांनी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभे करण्याचे कबूल केले. मागितले होते त्याहून फार कमी, आणि भारताच्या प्रतिनिधीने तिथल्या तिथे हरकत नोंदवली. मिरगावसारख्या वाडीपर्यंत यातला डॉलर पोचायचा तर, दरड कोसळण्यात हवामान बदलाचा वाटा किती आणि डोंगरउताराचा किती, हे आधी कुणाला तरी ठरवावे लागेल. पुन्हा तोच ‘नसते तर काय झाले असते’ हा प्रश्न, फक्त या वेळी पैसे मागणारा गावकरी आहे, कारखानदार नाही.

मिरगाव परिसरातली, जलाशयाच्या काठची माणसे या साऱ्या हिशेबात सर्वांत जुनी आहेत. धरण बांधायला १९५६ मध्ये सुरुवात झाली तेव्हापासून कोयना खोऱ्यातली गावे उठली. काही ठाणे-रायगडकडे पाठवली गेली, काही वरच्या उतारावर सरकली. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने उरलेल्यांची घरे पाडली. पर्यायी जमिनीचे आणि नागरी सोयींचे प्रश्न पुढच्या पिढ्यांपर्यंत उरले. २०१८ मध्ये श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली धरणग्रस्तांनी कोयनानगरलाच ठिय्या दिला, तेव्हा त्यात धरण भरताना जन्मलेलेही नव्हते असे नातू-पणतू होते.

पॅरिसच्या नव्या यंत्रणेत क्योटोच्या मानाने एक सुधारणा आहे. २०२४ मध्ये तिच्या देखरेख मंडळाने दोन गोष्टी मंजूर केल्या: प्रकल्पामुळे स्थानिकांच्या जमिनीवर, पाण्यावर, हक्कांवर काय परिणाम होतो हे तपासण्याची सक्तीची पद्धत, आणि ज्याला फटका बसला त्याला थेट त्या मंडळाकडे तक्रार करता येईल अशी प्रक्रिया. सीडीएममध्ये एवढी वर्षे असे दार नव्हते. कोयनेच्या धरणग्रस्तांना तक्रार कुठे न्यायची हे कुणी शिकवावे लागत नाही. पाटणची प्रांत कचेरी, साताऱ्याचे कलेक्टर आणि मंत्रालय या पायऱ्या त्यांना तोंडपाठ आहेत. तारळी-निवकण्याला पंप बसले आणि त्यांचे टन या यंत्रणेतून परदेशी निघाले, तर त्यांच्या मुलांना अर्जाची आणखी एक प्रत काढावी लागेल आणि तिच्यावर बॉनचा पत्ता घालावा लागेल.